तुमची कागदपत्रे किती रुपये किलो?

आज संध्याकाळी खाऱ्या दाण्यांचा पुडा रिकामा झाल्यावर सवयीने उलगडून पाहिला, तर तो कोणा बाईंच्या कर्जाच्या अर्जाचा कागद निघाला. छायाचित्र, पॅन क्रमांक, घरचा पत्ता, मासिक उत्पन्न आणि खाली निळ्या शाईतली स्वाक्षरी, सारे शाबूत होते. वित्तसंस्थेचे नाव येथे लिहीत नाही, कारण दुसऱ्या संस्थेच्या कपाटातले कागद याहून चांगल्या ठिकाणी जातात, असे मानायला मला कोणतेही कारण दिसत नाही.

कर्ज मागताना आपल्याकडून प्रत्येक झेरॉक्सवर सही घेतली जाते, जामीनदाराची कुंडली मागितली जाते आणि एक कागद कमी पडला तर दुसऱ्या दिवशी या, असे सांगितले जाते. मात्र हे कागद केव्हा आणि कसे नष्ट करणार, हे त्या खिडकीतून आजवर कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या (मनी लाँडरिंग प्रतिबंधक) कायद्यानुसार ग्राहकाशी संबंध संपल्यावरही ओळखीच्या नोंदी पाच वर्षे ठेवाव्या लागतात, हे मान्य आहे. पण पाच वर्षांनंतर त्या रद्दीवाल्याच्या काट्यावर घालाव्यात, असे त्या कायद्यात कुठे म्हटले आहे?

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून पुढे आणखी १८ महिन्यांची सवलत मिळाली. हेतू संपला की माहिती पुसा, असे तो सांगतो, आणि ती सुरक्षित राखण्यात कुचराई झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे. परंतु तो लागू होतो फक्त डिजिटल माहितीला. संगणकावर कधीच न चढवलेला कागदी अर्ज त्याच्या कक्षेबाहेर आहे, म्हणजे त्या बाईंची निळी स्वाक्षरी दाण्यांच्या मिठात भिजली तरी या कायद्याचे काही बिघडत नाही!

संगणकातल्या नोंदींचे दुखणे नेमके उलटे आहे. कपाट भरले की निदान रिकामे तरी करावे लागते. संगणक भरत नाही आणि पुसणे हे तिथे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. किमान दोन कोटी वापरकर्ते असलेल्या ई-व्यापार कंपनीला, ग्राहक तीन वर्षे फिरकला नाही तर माहिती पुसण्याचे आणि त्याआधी ४८ तास कळवण्याचे बंधन नव्या नियमांनी घातले आहे. गल्लीतल्या वित्तसंस्थेसाठी असा ठरावीक आकडाच नाही.

दाणेवाल्यावर माझा मुळीच राग नाही, त्याला किलोच्या भावाने जे मिळाले त्याचे त्याने पुडे वळले. ज्या कारकुनाला कपाट रिकामे कर म्हणून सांगितले गेले, त्याच्यावरही आता तितकासा राहिला नाही. कागद फाडायचे यंत्र मागितले असते तर साहेबांनी त्यालाच वेड्यात काढले असते.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत न केल्यास दर दिवसाच्या विलंबाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्ज फिटल्यावर मिळणाऱ्या ना हरकत दाखल्यावर, उरलेल्या झेरॉक्स आणि अर्ज कोणत्या तारखेला व कोणत्या पद्धतीने नष्ट केले जातील, याची एक ओळ छापायला सांगणे रिझर्व्ह बँकेला जड जाऊ नये.