'इतिहासप्रेमी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : डनिचचं कार्ड आणि १९१२चा शिक्का

नमस्कार, 'इतिहासप्रेमी'.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सफोक परगण्यात डनिच गाव आहे. तिथलं ऑल सेंट्स चर्च कडा ढासळत जाऊन समुद्रात गेलं. त्याचा फोटो असलेलं एक जुनं पोस्टकार्ड माझ्याकडे आहे, त्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "पोस्टाचा शिक्का स्पष्ट १९१२चा आहे. तरी फोटो १९०४च्या आसपासचा म्हणायचा, हा नुसता अभ्यासाचा आव आहे." पुढे आपले किल्ले सोडून इंग्रजांच्या पडक्या चर्चमागे लागल्याबद्दल दोन टोमणे, कुळचिन्हं रंगवलेला टणक कप सफोकमधल्याच लोवेस्टॉफ्टचा असल्याबद्दल एक परिच्छेद, आणि 'मनोऱ्याचं साल तरी नीट बघा' हा सल्ला.

सल्ला आधी घेतो. ऑल सेंट्सच्या मनोऱ्याचा उरलेला भाग समुद्रात गेला तो १९१९ साली. लेखात १९१८ पडलं होतं. चूक माझी, दुरुस्त केली, आभार. पण 'आव' हा शब्द खटकला. शंका सरळ विचारली असतीत तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. वीस वर्षं अशी कार्डं भिंगाखाली धरून बघतोय. आव आणायचाच असता तर कमी कष्टाचा विषय निवडला असता.

आता शिक्का. कार्ड टपालात कधी पडलं ते शिक्का सांगतो. फोटो कधी काढला हे त्याला कुठून माहीत असणार? त्यावरून एवढंच ठरतं की फोटो १९१२च्या नंतरचा नाही. कार्डाला तारखा तीन असतात : फोटोची, छपाईची आणि टपालाची. सरे परगण्यातल्या रायगेटच्या फ्रिथसारख्या कंपन्या निगेटिव्हना क्रमांक देऊन जपून ठेवत आणि खप असेल तोवर त्यांच्यावरूनच वर्षानुवर्षं कार्डं काढत. गावातल्या दुकानदाराकडचा गठ्ठा संपल्याशिवाय तो तरी नवा माल कशाला मागवेल?

मागची बाजू बघा. मधोमध उभी रेघ आहे. डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, ही सोय ब्रिटिश पोस्टाने १९०२ साली दिली. त्याआधी ती अख्खी बाजू पत्त्याचीच. म्हणजे छपाई १९०२ किंवा नंतरची. तिकीट अर्ध्या पेनीचं, हिरवं, पंचम जॉर्जचं. ते २२ जून १९११ला आलं, आणि कार्डाचा दर ३ जून १९१८ला अर्ध्या पेनीवरून एक पेनी झाला. शिक्क्यातला शेवटचा आकडा पुसट असता तरी टपाल या सात वर्षांतलंच ठरलं असतं. इथवर आपलं भांडण नाहीच.

भांडण आहे ते चित्राच्या बाजूचं, आणि ती तुम्ही उलटून पाहिलेलीच दिसत नाही. या चर्चचा मनोरा पश्चिम टोकाला होता आणि समुद्र पूर्वेला. १९०४च्या सुमारास कड्याची धार पूर्व टोकाला येऊन भिडली आणि तिथून इमारत पूर्वेकडून पश्चिमेकडे ढासळत गेली. मनोरा सगळ्यात शेवटी. म्हणून डनिचच्या फोटोत उभ्या भिंतीतल्या खिडक्या मोजायच्या. जितक्या कमी, तितका फोटो नंतरचा. या कार्डावर पूर्व टोक जागेवर आहे आणि त्याच्यापुढे गवताची पट्टीही दिसते. १९१२ साली ती पट्टी आणायची कुठून? अहो, पडलेली भिंत समुद्रातून परत वर चढत नाही.

मोजणी फसते ती दोन कारणांनी. एक, डावं-उजवं उलटं छापलेलं निगेटिव्ह. दक्षिणेकडून घेतलेल्या फोटोत समुद्र उजवीकडे यायला हवा. डावीकडे दिसला तर फोटो उत्तरेकडून तरी घेतलाय, नाहीतर छपाई उलटी आहे. निवाडा सावलीवर : तिकडे दुपारचं ऊन कायम दक्षिणेकडून, त्यामुळे उत्तरेची भिंत अंधारात राहते. समुद्र डावीकडे आणि समोरची भिंत दुपारच्या उन्हात लख्ख, तर खुशाल उलटं समजा. दोन, हातसफाई. दहापट भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर कार्ड छापील. त्यात ढग, माणसं आणि कधीकधी कड्याची धारसुद्धा छपाईचा ठसा बनवताना हाताने 'सुधारलेली' असते. जाळी नसेल, करड्या छटा सलग उतरत गेल्या असतील, तर तो फोटोच्या कागदावरचा खरा फोटो. माझं कार्ड या दुसऱ्या जातीचं. (ठिपक्यांचं कार्ड १२०० डीपीआयला स्कॅन करून काही मिळत नाही, नुसते ठिपके मोठे होतात.)

एवढं करूनही फोटो नकाशाशी ताडून बघावा. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा, मैलाला २५ इंचांचा नकाशा स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तिथे साल बघायचं ते पाहणीचं, प्रकाशनाचं नव्हे. दोन्ही समासात छापलेली असतात. शिक्क्यावर भरवसा ठेवणारे इथेही हमखास प्रकाशनाचं साल उचलतात.

कपाबद्दल थोडक्यात. लोवेस्टॉफ्टचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना १७५७च्या सुमारास सुरू झाला. माल हाडांची राख घातलेल्या मऊ मातीचा. टवका उडाला की आतला भाग दाणेदार, पाणी पिणारा दिसतो. तुम्ही म्हणता तसली कुळचिन्हं रंगवलेली टणक, काचेसारखी भांडी चीनमधून यायची. एकोणिसाव्या शतकात ती लोवेस्टॉफ्टच्या नावावर खपली आणि तो घोळ अजून लिलावांतून फिरतोय. तुम्ही एकटे नाही.

किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्हीही लिहा, वाचीन.

आणि तुमच्याकडे याच चर्चचं १९१२चं 'अस्सल' कार्ड असल्याचं म्हणता, तर दोन्ही बाजू पाठवा : ६०० डीपीआय, कडा न छाटता, तिकिटाच्या कोपऱ्यासकट. फक्त पाठवण्याआधी खिडक्या स्वतः मोजा.