यहूदाला कुणी ग्रुपमधून काढलं नव्हतं

‘येशूच्या लीडरशिपची पाच सूत्रे’ हा मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. बारा हुशार माणसं निवडा, त्यातल्या तिघांना ८० टक्के वेळ द्या, प्रश्न विचारू देऊ नका, चुकेल त्याला चारचौघांत झापा आणि निगेटिव्ह माणसाला यहूदासारखं (येशूला शत्रूंच्या हाती देणारा त्याचाच शिष्य) ताबडतोब बाहेर काढा. फिरेना का, म्हणून मी सोडून दिलं असतं. पण माझा भाचा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाचा बायबल अभ्यास घेतो. हे वाचून त्याने सारख्या शंका काढणाऱ्या एका मुलीला ग्रुपमधून काढलं, आणि वर मलाच सांगतो, ‘मावशी, येशूनेही तेच केलं.’

कुठे केलं? योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक) तेरावा अध्याय काढून बघ म्हटलं. यहूदाकडे पैशांची थैली होती आणि तो त्यातले पैसे चोरायचा, हे आदल्याच अध्यायात आहे. तरी शेवटच्या रात्री तो जेवायला इतरांबरोबरच बसलेला. येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा यहूदाचेही धुतले, मग भाकरीचा तुकडा बुडवून त्याच्या हातात दिला. तो उठून गेला, तो आपल्या पायांनी. त्याआधी, सहाव्या अध्यायात, बरेच अनुयायी सोडून गेले तेव्हा येशूने बारा शिष्यांना ‘तुम्हालाही जायचंय का?’ एवढंच विचारलं होतं.

आणि शंका काढणारा शिष्य यहूदा नव्हे, थोमा. क्रुसावर मेलेला येशू पुन्हा उठलाय, आम्ही त्याला पाहिलं, असं बाकीचे दहाजण सांगत होते तरी ‘खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही’ म्हणाला. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा जमले तेव्हा थोमा त्यांच्यातच होता. मधल्या आठवड्यात त्याला कुणी हाकललं नव्हतं. येशूने येऊन त्याला खुणाच दाखवल्या.

प्रश्नबंदीचं तर हसूच येतं. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं, एका बैठकीत वाचून होतं. त्यात चौथ्या, सातव्या, नवव्या, दहाव्या अध्यायांत तेच चाललंय: गर्दी पांगली की शिष्य विचारतात, दाखल्याचा, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेचा, अर्थ काय, आम्हाला भूत का काढता आलं नाही. त्यातले तीन प्रसंग चक्क घरात घडतात. एकदा विचारायला ते घाबरले, असंही मार्क लिहितो, पण तो त्यांचा भित्रेपणा, मनाई नव्हती.

चारचौघांत झापण्याचं मात्र अर्धं खरं आहे, नाईलाजाने कबूल करते. फिलिप्पाचं कैसरिया या गावाजवळ येशूने पेत्र या शिष्याला ‘सैताना, माझ्यापुढून निघून जा’ म्हटलं ते इतर शिष्यांच्या देखत. पण पुढचं पान कुणी फॉरवर्ड करत नाही: सहा दिवसांनी त्याच पेत्राला बरोबर घेऊन येशू डोंगरावर गेला.

पेत्र, याकोब आणि योहान या तिघांची आतली फळी होती, हेही खरं. त्यातल्या दोघांनी, याकोब आणि योहानाने, येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या मानाच्या जागा मागितल्या आणि बाकीचे दहाजण भडकले. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने जागं राहायला सांगितलं, तर तिघेही झोपले. आणि ‘हुशार निवडा’ म्हणे! मासे धरणारे आणि एक जकातदार, ज्याच्याबरोबर जेवल्याबद्दल धर्मपुढाऱ्यांनी येशूला नावं ठेवली.

राहता राहिले ते ८० टक्के. शुभवर्तमानांत कुणी हजेरीपट ठेवलेला नाही. आकडा कुठून आणला, ते मेसेज पाठवणाऱ्यालाच विचारा.