इतिहासाला वळसा कसा घालावा

पुण्याहून निघून वाई, महाबळेश्वर, प्रतापगड, पोलादपूर, महाड, रायगड आणि येताना वरंधा घाटातून भोरमार्गे घरी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा फेरा आहे. रस्ता देखणा, पण वाटेत इतिहास इतका सांडलेला की जरा बेसावध राहिलात तर अंगाला लागेल. तो लागू नये म्हणून या सूचना.

पूर्वतयारी म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप. त्याला ‘सह्याद्री’ हा शब्द असलेले काहीतरी नाव द्यावे आणि डीपीला भगवा झेंडा लावावा. जेवायचे कुठे यावर तीन आठवडे काथ्याकूट करावा. बघायचे काय, हा प्रश्न कोणी काढलाच तर ‘ते गेल्यावर बघू’ असे लिहून लगेच गुड मॉर्निंगचे फूल टाकावे. निघायची वेळ पहाटे पाचची ठरवावी. पाच म्हणजे साडेआठ, हे सगळ्यांना कळते. कळत नाही ते फक्त एका मेहुण्याला. तो पावणेपाचपासून सोसायटीच्या गेटवर थांबून ‘मी पोचलो’ असे मेसेज करत राहतो. त्याला अंगठा दाखवावा आणि कूस बदलावी.

मुहूर्त लाँग वीकेंडचाच हवा, आणि शक्यतो भर पावसाळ्यातला. दरडींमुळे वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीला बंद ठेवतात. ते आधी पाहून ठेवले तर घाटाच्या तोंडाशी गाडी उभी करून ‘प्रशासन झोपलंय का?’ असे ओरडण्याची संधी हुकते.

वाईत थांबावे ते मिसळीसाठी. मराठी विश्वकोशाचे काम जिथून चालते, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी जिथे राहिले, ते हे गाव. ज्ञानाचे एवढे ओझे शेजारी असताना तर्रीवर लक्ष राहणे कठीण, म्हणून तो विषय टाळावा. ढोल्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले तरी चालतात. मूर्ती भव्य आहे, तिला आपण लांबूनही दिसतो.

जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट आहे. तिथे गेल्यावर ‘शूटिंग कुठं झालं होतं?’ एवढाच प्रश्न विचारावा. या वाड्यातल्या कागदपत्रांचे मेणवली दफ्तर झाले, त्यावर इतिहासाच्या अभ्यासकांनी डोळे झिजवले. त्यात आपले काय अडले? घाटावर पोर्तुगीज बनावटीची मोठी घंटा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हाची ती आठवण. वसईची घंटा कृष्णाकाठी कशी आली, असे एखाद्या पोराने विचारलेच तर त्याला भूक लागली आहे असे समजून वेफर्स द्यावेत.

महाबळेश्वराबद्दल सांगण्यासारखे फार नाही. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर काचेतून दिसते तेवढे पुरे.

प्रतापगडावर मात्र थांबावेच लागते, कारण इथे घरातला कर्ता पुरुष अफझलखानाच्या भेटीचा साक्षीदार होतो. १० नोव्हेंबर १६५९ हा दिवस त्याला सासूच्या वाढदिवसापेक्षा पक्का आठवतो. शामियान्यात कोण कुठे उभा होता, वाघनखे कुठल्या हातात होती, तो काय म्हणाला, मग हा काय म्हणाला, सगळे तो एका दमात सांगतो. भाच्याने मोबाइलवर खातरजमा करण्याच्या आत पुढच्या प्रसंगाकडे वळावे. खानाला याच जावळीत का ओढून आणले, ही खरी विचार करण्याजोगी गोष्ट. पण ती समजायला बुरुजावर पाच मिनिटे गप्प उभे राहून खालची दरी आणि रान बघावे लागते. एवढा वेळ कोणाकडे असतो? त्यापेक्षा मुलांना लाकडी तलवारी घेऊन द्याव्यात. आंबेनळी घाट उतरेपर्यंत मागच्या सीटवर लढाई होते आणि निम्मे सैन्य ओकते.

मग महाड. इथे पेट्रोल भरावे, पाण्याच्या बाटल्यांचा खोका घ्यावा आणि निघावे. याच गावात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेली हजारो माणसे चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायली, आणि ते प्यायले म्हणून त्यांना मार खावा लागला. पण तळे आपल्या यादीत नसते. आपली यादी किल्ल्यांची. तळे बघायला ‘ते लोक’ जातात, अशी वाटणी आपण बोलून न दाखवताही चोख पाळतो. खोका डिकीत नीट बसला ना, तेवढे पाहावे.

रायगडाच्या पायथ्याला पाचाड लागते. तिथे जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे. ६ जून १६७४ ला मुलाचा राज्याभिषेक पाहिला आणि पंधरवडाही उलटायच्या आत त्या गेल्या. पण तिथे गाडी वळवली तर रोपवेच्या रांगेतला आपला नंबर मागे जातो. रांग महत्त्वाची. सुमारे साडेचौदाशे पायऱ्या चढणे हे ज्यांची सुट्टी वाया गेलेली नाही अशांचे काम. पाळण्यातून चार-पाच मिनिटांत वर जावे आणि उतरल्या उतरल्या ‘गड सर केला’ असे स्टेटस टाकावे.

होळीच्या माळावर फेटा बांधून घ्यावा. नगारखान्यातली कुजबूजही सिंहासनाच्या जागी ऐकू जाते, अशी त्या दरबाराची रचना. ही करामत ब्लूटूथ स्पीकर लावून तपासावी. गाईड बोलत असेल तर त्याला मध्येच तोडून ‘आमच्या आडनावाचे कोणी होते का हो?’ असे विचारावे. होते असे तो सांगतोच. त्यालाही घर चालवायचे आहे.

जगदीश्वराच्या देवळात एका पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ आणि पुढे हिरोजीचे नाव कोरलेले आहे. हा हिरोजी म्हणजे गड बांधणारा. भक्तांचे पाय पडतील अशा जागी त्याने नाव घातले. तुम्हालाही किल्ली काढून भिंतीवर बदाम कोरायची प्रेरणा इथूनच मिळते. नाव कोरण्याआधी हिरोजीने एक अख्खी राजधानी उभारली होती, पण एवढ्या तपशिलात कशाला शिरा? संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हाही तसाच एक तपशील.

गडावर कचरापेटी दिसली नाही तर बाटली तटावरून खाली सोडावी. शत्रू येत असेलच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने रायगड आणि प्रतापगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. म्हणजे आता ते सांभाळायची जबाबदारी जगाची, आपण मोकळे. परतल्यावर फक्त रिव्ह्यू टाकायचा राहतो. रायगडाला पाचपैकी तीन तारे द्यावेत: ‘लोकेशन छान, चालावे फार लागते, बरेचसे बांधकाम पडके आहे, मेंटेनन्सकडे लक्ष द्यावे.’ पडझडीबद्दल फारच संताप आला असेल तर १८१८ साली पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागणाऱ्या इंग्रजांना त्यात टॅग करता येते का पाहा.