टाकीत ॲसिड, पत्र्याला जळकं ऑइल आणि येझदीला टर्बो: त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात देवगड भागात एक मेसेज फोनाफोनांवर फिरला. ‘कोकणातल्या जुन्या बाइकवाल्यांनो, वाचा आणि पुढे पाठवा.’ खाली पाच गोष्टी. एक, खाऱ्या हवेत जुनी गाडी टिकत नाही, ठेवायचीच तर सगळ्या पत्र्याला जळकं ऑइल फासा. दोन, गंजलेल्या टाकीत संडास साफ करायचं ॲसिड ओता, तासाभरात चकचकीत. तीन, पावसाळ्यात गाडी रोज पाच मिनिटं चालू करा. चार, पंधरा वर्षं झाली की आरटीओ गाडी भंगारातच काढतं. पाच, भंगारातला डिझेल गाडीचा टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारी चकती) बसवा, ताकद दुप्पट आणि ॲव्हरेजही वाढतं.

शेजारचा आयटीआयला जाणारा मुलगा आजोबांची जुनी येझदी रोडकिंग बाइक पुन्हा चालती करायला निघालाय. परवा तो ॲसिडची बाटली घेऊनच आला. “काका, उद्या टाकी करूया?” म्हणून हे लिहितोय.

खारी हवा गाडी खाते, हे खरं आहे. पण कशी खाते ते कळलं तर तिला आवरताही येतं. मीठ हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड ओलंच राहतं, आणि मिठातला क्लोराइड गंजाला मदत करतो. त्यावर पहिला उपाय विहिरीचं गोडं पाणी. किनाऱ्यावरून गाडी आली की हलक्या धारेने धुवा, पूर्ण वाळवा, मग उघड्या लोखंडावर ग्रीसचा पातळ हात. जळकं ऑइल नको. त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात, काजळी असते, धातूचा कीस असतो. त्याने रबर फुगतं, ते ओघळून ब्रेकच्या ड्रममध्ये जातं, आणि पावसात धुपून अंगणातून विहिरीकडे जातं. जी विहीर आपण पितो, तिच्या काठावर हे करायचं?

आपल्याकडे जास्त त्रास देतो तो न दिसणारा गंज. इंजिनचं कव्हर ॲल्युमिनियमचं, स्क्रू लोखंडी, मध्ये खारट ओल: दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि स्क्रू आतल्या आत धरून बसतो. तिथे जोर लावला की स्क्रूचं डोकं जातं. दोन दिवस गंजात झिरपणारं भेदक तेल सोडत राहा, मग कव्हर गरम करा (जवळ पेट्रोल नको). तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड सुटते. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीच्या ठोक्याने स्क्रू फिरवणारं अवजार. परत बसवताना आट्यांना अँटीसीझ (स्क्रू पुन्हा धरू न देणारी पेस्ट) लावायला विसरू नका.

टाकीच्या ॲसिडबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्या बाटलीत सहसा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गंज ते खातं, पण खालचा चांगला पत्राही खातं, आणि त्याची वाफ छातीत जाते. शिवाय टाकीच्या जोडांमध्ये क्लोराइड मागे राहतो, म्हणजे ज्या मिठापासून गाडी वाचवायची तेच आपण आत भरतो. दुसऱ्या दिवशी टाकी आतून परत तांबडी. घरी करायचं तर सायट्रिक ॲसिड घ्या, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास. नळ आणि झाकण काढून नळाचं भोक बंद करा, टाकी काठोकाठ भरा, दिवसभर ठेवून मधून मधून बघत राहा. मग खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, लगेच गरम हवेने वाळवणं, आणि त्याच तासात आतून टू-स्ट्रोक ऑइल फिरवणं. शेवटच्या दोन पायऱ्यांत उशीर झाला तर सगळं फुकट. आई तांब्याची भांडी कोकमाच्या सालीने घासते, म्हणून कुणी आगळ ओतायचं सुचवेल. आगळात मीठ असतं, ते नको.

रोज पाच मिनिटं चालू करणं हा प्रेमाने केलेला छळ आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पाच मिनिटांत सायलेन्सर पुरता तापत नाही, ती वाफ आतच थिजते आणि तो आतून कुजतो. वीस-पंचवीस मिनिटं फिरवून आणा, नाहीतर चालूच करू नका. उभी ठेवायची तर मिरगाआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून टाकीत ऑइल फिरवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल शोषतं.

आरटीओचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून नव्याने करायची, पुढे दर ५ वर्षांनी. निव्वळ वयावरून खासगी गाडी बाद करण्याचे आदेश निघाले ते दिल्ली परिसरासाठी.

आता टर्बो. पोराचे डोळे इथेच चमकतात, आणि कारखान्यातून टर्बो लावलेल्या बाइक खरोखर निघाल्या होत्या. १९८२ मध्ये होंडाची सीएक्स ५०० टर्बो आली. मग यामाहा, सुझुकी आणि कावासाकी यांनीही एकेक आणली. पण होंडाने साध्या सीएक्सवर नुसता टर्बो टांगला नव्हता. कॉम्प्रेशन (इंजिनात मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १० वरून ७.२ वर उतरवलं, कार्बोरेटर काढून पेट्रोल फवारणारं इंजेक्शन दिलं, आणि इवलासा टर्बो मुद्दाम बनवून घेतला. एवढं करूनही दशकाच्या मध्यापर्यंत चौघांनीही नाद सोडला. ताकद उशिरा येई आणि मग एकदम अंगावर येई. मोठं साधं इंजिन तेच काम स्वस्तात करत होतं.

येझदीचं तर मुळातच जुळत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, दाबाने येणाऱ्या तेलावर तरंगत. येझदीला ऑइल पंपच नाही, तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं. शिवाय येझदी टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकमध्ये ताजा वायू आत येताना एक्झॉस्टचं तोंड उघडंच असतं. दाब दिला तर पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर, म्हणजे ॲव्हरेज पडणार. आणि हजार-दीड हजार सीसीच्या डिझेलसाठी बनवलेली चकती अडीचशे सीसीच्या धुराने फिरणार कशी? वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, परवानगीशिवाय असा बदल चालत नाही.

बाटली मी ठेवून घेतली आहे. रविवारी सकाळी टाकी घेऊन ये रे, ऊन असेल तर संध्याकाळी लवकर वाळवायला घेता येईल. सायट्रिक ॲसिड माझ्याकडे आहे.