गाळणी न लावता काढलेला टक्का

नर्सिंगमधील पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला, मार्गदर्शकांची सही झाली, आता केवळ बांधणी उरली असे वाटत असतानाच ‘साम्य दहा टक्क्यांहून अधिक, पुन्हा लिहा’ असा एका ओळीचा शेरा घेऊन तो परत आला. संगणकाने प्रबंध आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी ताडून काढलेल्या अहवालावरचा हा शेरा; जुळणारा मजकूर त्यात रंगवलेला असतो. दहा टक्क्यांची मर्यादा मला मान्य आहे. चोरी पकडलीच पाहिजे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ज्या २०१८ च्या नियमावलीचा धाक दाखवला जातो, त्याच नियमावलीत संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि सर्वसामान्य संज्ञा वगळाव्यात, तसेच सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य धरू नये, असे लिहिलेले आहे. ते वगळण्यासाठी संगणकावर फिल्टर असतात. ते लावायचे कष्ट कोणीही घेतले नाहीत.

माझा विषय नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील सिकल सेलग्रस्त (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या) मुलांच्या मातांना द्यायच्या शिक्षणाचा आहे: मुलाला पाणी किती पाजावे, सातपुड्यातल्या थंडीत त्याला कसे जपावे, ताप आल्यास थांबून का राहू नये, पोटाला हात लावून वाढलेली प्लीहा (पोटातील डावीकडचा अवयव) कशी ओळखावी. त्या पाड्यांवर बसून गोळा केलेल्या माहितीच्या प्रकरणाला अहवालात रंगाचा एक ठिपकाही लागलेला नाही. रंगले आहे ते संमतीपत्र, जे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीनेच आपल्या ठरावीक नमुन्यात भरायला लावले होते. रंगली आहेत संख्याशास्त्रीय चाचण्यांची नावे आणि पानेच्या पाने संदर्भसूची. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे या आजाराचे मूळ सांगणारे वाक्यही लाल आहे. ते मी आणखी कोणत्या शब्दांत सांगावे? व्हॅलिनच्या जागी दुसरे आम्ल लिहू काय? देठ आणि साल तराजूत टाकून भरताचे वजन सांगणाऱ्याला आमच्या जळगावात कोणी दुकानात उभे केले नसते. येथे मात्र त्याच्या शिक्क्यावाचून प्रबंध पुढे सरकत नाही.

याहून संताप येतो तो ‘मॅडम, थोडे शब्द फिरवा, होऊन जाईल’ या सल्ल्याचा, आणि तोही खालच्या आवाजात, उपकार केल्यासारखा दिला जातो. शब्द फिरवून देणारी दुकाने आहेत आणि ती जोरात चालतात. यादृच्छिक निवडीची, म्हणजे प्रत्येकाला समान संधी देणाऱ्या निवडीची, ‘वाटेल तशी निवड’ झाली की टक्का उतरतो, अहवाल हिरवा होतो आणि अभ्यासाची पद्धतच खोटी ठरते, याची फिकीर कोणालाही नाही. म्हणजे नक्कल रोखण्यासाठी केलेला नियम प्रामाणिक माणसाला लबाडी शिकवतो आणि लबाडाला पावती देतो.

मुदतीचे घड्याळ मात्र कोणासाठी थांबत नाही. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रवेशापासून सहा वर्षांत प्रबंध द्यायचा, त्यापुढे मुदतवाढीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या. नर्सिंग कॉलेजात दिवसभर विद्यार्थिनींना वॉर्डात उभे राहून शिकवायचे, रात्री या रंगीत पानांशी झगडायचे, आणि यात नवे संशोधन शून्य.

मी एक शब्दही फिरवणार नाही. नियमाप्रमाणे फिल्टर लावून अहवाल पुन्हा काढा, असा अर्ज मी आवक क्रमांकासह दिला आहे. नकार द्यायचा असेल तर तो तोंडी चालणार नाही. कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाने संदर्भसूची ही चोरी ठरते, ते लिहून खाली सही करावी.