दांडा गरागरा फिरवला की गोल होतो म्हणे!

स्नेहसंमेलनाचे दिवस आले की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो : ‘फूसबॉलची मॅच जिंकायची हमखास युक्ती’. फूसबॉल म्हणजे टेबलावरचा फुटबॉल : आडव्या दांड्यांना बसवलेल्या बाहुल्यांनी बॉल समोरच्याच्या गोलात घालायचा. प्रत्येक बाजूचे चार दांडे : गोलीचा (म्हणजे गोलरक्षकाचा), मग दोन, पाच आणि तीन बाहुल्यांचा. मेसेजमध्ये पाच सल्ले आहेत. दांडे गरागरा फिरवत राहा. जेवढा जोर तेवढे गोल. गोलीला क्षणभरही थांबू देऊ नका. दांड्यांना खोबरेल तेल लावा. आणि शेवटचा, सराव कशाला, सगळा नशिबाचा खेळ आहे. आता वर्धा-यवतमाळकडे तालुक्याच्या गावांतल्या होस्टेलांतही हे टेबल दिसू लागलंय. लाइट गेली तरी खेळ थांबत नाही, म्हणून त्याच्याभोवती गर्दीही असते. पहिल्यांदाच मॅचला उतरणारे पोट्टे हा मेसेज पाठ करून येतात आणि हरतात. म्हणून एकेक सल्ला तपासून बघू.

पहिला सल्ला सगळ्यात महाग पडतो. आंतरराष्ट्रीय टेबल सॉकर महासंघाच्या नियमांप्रमाणे बॉलला मारण्याआधी किंवा मारल्यावर बाहुलं ३६० अंशांपेक्षा जास्त फिरलं तर तो स्पिन ठरतो, आणि स्पिनमधून गेलेला गोल धरत नाहीत. यावर लगेच उत्तर येतं, ‘काहून बावा, व्हिडिओत तर मोठमोठे खेळाडू फिरवतात!’ ते फिरवतात तो स्नेक शॉट. तीन बाहुल्यांच्या दांड्यावरच्या मधल्या बाहुल्याच्या पायाखाली बॉल दाबून धरायचा, डावी-उजवीकडे सरकवत राहायचं आणि फट दिसली की मनगटाच्या एका झटक्याने बाहुलं उलट्या बाजूने वर घेऊन बॉलला मागून मारायचं. दांडा फिरतो खरा, पण एका फेऱ्याच्या आतच. नवख्याने पहिल्या मॅचसाठी याच्या नादी लागू नये. मनगट बसायला बराच काळ जातो.

नियम बाजूला ठेवला तरी गरागरा फिरवण्यात तोटाच आहे. दांडा फिरत असताना बाहुल्याचा पाय कुठे आहे हे तुम्हालाच ठाऊक नसतं. मग समोरून आलेला बॉल अडत नाही, आणि अडला तरी उसळून सरळ समोरच्याच्या ताब्यात जातो. नवखे हरतात ते गोल मारता येत नाही म्हणून कमी, आणि बॉल थांबवता येत नाही म्हणून जास्त. बाहुलं ताठ उभं न ठेवता किंचित कललेलं ठेवा, म्हणजे बॉल पायाखाली अडकतो. आठवडाभर एवढंच केलंत तरी चालेल : मित्राला हळू बॉल सोडायला सांगा, तो अडवा, दाबून धरा, शेजारच्या बाहुल्याकडे द्या, परत घ्या. बघणाऱ्याला कंटाळा येईल, येऊ द्या.

जोराचं म्हणाल तर या खेळाचा इतिहासच वेगळं सांगतो. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड थॉर्नटनला १९२३ साली याचं पेटंट मिळालं. पुढे स्पेनमधल्या यादवी युद्धात जखमी झालेल्या अलेहांद्रो फिनिस्तेरेने १९३७च्या सुमारास आपलं टेबल काढलं, ते इस्पितळात पाहिलेल्या, फुटबॉल खेळू न शकणाऱ्या जखमी मुलांसाठी. तेव्हा दंड-बैठका राहू द्या. मूठ सैल ठेवा. घट्ट आवळलेल्या मुठीत मनगट वळत नाही आणि शॉट उशिरा सुटतो. नवख्याला पुल शॉट पुरे : दांडा ओढून बॉल थोडा स्वतःकडे आणायचा आणि समोरच्याची फट बंद व्हायच्या आत मारायचा. नेम नसेल तर जोराचा फटका भिंतीवर आपटून तुमच्याच गोलाकडे येतो. (आणि हो, गोलात जाऊन उसळून बाहेर आलेला बॉल गोलच धरतात. त्यावरून भांडू नका.)

गोलीचा सल्ला अर्धा खरा आहे. गोली दगडासारखा उभा असेल तर समोरचा निवांत नेम धरतो. पण सतत इकडून तिकडे पळवला की फट तुम्हीच उघडता. गोली आणि त्याच्या पुढच्या दांड्यावरचं बाहुलं एकामागे एक ठेवू नका, शेजारी-शेजारी ठेवा, मधली फट बॉलपेक्षा अरुंद राहू द्या. बॉल साधारण साडेतीन सेंटिमीटरचा असतो. ही जोडी थोडी-थोडी, अवचित सरकवा. नजर बॉलवर नको, बॉल ज्या बाहुल्याकडे आहे त्याच्यावर ठेवा. एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच : बचावातून तुम्ही शॉट मारता तेव्हा पुढच्या दोन्ही दांड्यांवरच्या आपल्याच बाहुल्यांचे पाय उचलून धरा, नाहीतर आपलाच बॉल आपलीच माणसं अडवतात. एकेरीत डावा हात गोली आणि पाचच्या दांड्यावर, उजवा दोनच्या आणि तीनच्या दांड्यावर, ही अदलाबदल डोळे मिटून जमली पाहिजे.

खोबरेल तेल कृपा करून डोक्यालाच लावा. तेलावर धूळ चिकटते, आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा! शिवाय तेल मैदानावर ओघळलं की बॉल पायाखाली टिकत नाही. दांडे कोरड्या फडक्याने पुसा, फारच अडकत असतील तर सिलिकॉनचा अगदी हलका हात द्या. कॅरमची पावडर मैदानावर टाकणारेही आहेत. त्यानेही तेच होतं. तळहाताला घाम येत असेल तर दांड्याच्या मुठीवर बॅटसारखी ग्रिप गुंडाळा.

राहिलं नशीब. कॅरममध्ये राणी एखादवेळी चुकून जाते, पण कव्हर कोणी नशिबावर घेत नाही, इथेही तसंच. नियमाने पाचच्या दांड्यावर बॉल १० सेकंद आणि बाकी दांड्यांवर १५ सेकंद धरता येतो. एवढा वेळ असताना नवखा बॉल आला की लगेच हाणतो, आणि मग गेला की नशीब आठवतं. मनात तीनपर्यंत मोजा, समोरच्याचा गोली कुठे जातो बघा, मग मारा.

मॅचच्या आदल्या दिवशी आयोजकांना तीन गोष्टी विचारून घ्या : सेट किती गोलांचा (आंतरराष्ट्रीय नियमांत बहुधा पाचचा), स्पिन चालतो की नाही, आणि टाइमआउट आहेत का. त्या नियमांत सेटमध्ये ३० सेकंदांचे दोन मिळतात. दुहेरी असेल तर बचाव कोण आणि हल्ला कोण हेही ठरवून जा. बॉल चालू असताना जागा बदलता येत नाही, दोन गोलांच्या मध्ये येते.