दोघांची भूल, आडवा मात्र मीच

एकाच महिन्यात घरात दोन ऑपरेशनं. आधी चार वर्षांच्या चिरंजीवांचे टॉन्सिल्स, मग माझा हर्निया. माझा हिशोब सरळ होता, पोरगं १६ किलोचं, मी ८२ किलोचा, म्हणजे त्याला थेंबभर भूल दिली तरी दिवसभर घोरत पडेल आणि माझ्यासाठी बादली मागवावी लागेल. भूलतज्ज्ञ मॅडमना मी हे बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "एकूण औषध तुम्हालाच जास्त लागणार हो, पण किलोमागे बघाल तर मुलगा तुमच्या पुढे आहे."

म्हणजे शिरेतून देतात ते प्रोपोफॉल मोठ्यांना किलोमागे दीड ते अडीच मिलिग्रॅम पुरतं, पोरांना अडीच ते साडेतीन लागतं, कारण त्यांच्या अंगात ते जास्त पसरतं आणि लवकर निपटतंही. मास्कमधला सेव्होफ्लुरेन गॅस, म्हणजे श्वासातल्या हवेत त्याचं प्रमाण, पोराच्या वयाला अडीच टक्के, माझ्या चाळिशीला दोनच्या आसपास, आणि इथून पुढे दर दहा वर्षांनी आधीच्या मात्रेच्या साधारण सहा टक्क्यांनी कमी कमीच लागत जाणार. (वयाबरोबर माझी कुठलीतरी गरज कमी होतेय हे ऐकून बायकोला फार बरं वाटलं.) बरं गॅसचा हा आकडा ठरतो कसा, तर ज्या मात्रेला चिरा दिल्यावर निम्मी माणसं हलत नाहीत ती मात्रा. मी लगेच विचारलं, "आणि उरलेली निम्मी?" मॅडम हसून म्हणाल्या, "म्हणून तर आम्ही तेवढ्यावर थांबत नाही."

त्याच्या वेळी मी आत गेलो होतो. फुगा फुगवायचा म्हणून मास्क लावला, एकदा माझ्याकडे रागाने बघितलं आणि दहा-बारा श्वासांत गार. पोरं भराभर श्वास घेतात, फुप्फुसात शिल्लक हवेचा साठा कमी, त्यामुळे गॅस झटकन भरतो, आणि हृदय रक्ताचा मोठा वाटा मेंदूकडे पाठवतं. पण तोच साठा कमी म्हणून श्वास जरा अडला तर ऑक्सिजनही झटकन उतरतो, तान्ह्या बाळाला तर किलोमागे आपल्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन लागतो, त्यामुळे मॅडमची नजर मॉनिटरवरून हलत नव्हती. नवजात बाळांचं तर आणखी वेगळंच, त्यांचं लिव्हर आणि किडनी अजून कामाला पुरती लागलेली नसतात म्हणून औषध अंगात रेंगाळतं. म्हणजे बाळपणी हळू, पोरवयात सुसाट, म्हातारपणी परत हळू.

खरा तमाशा जाग येताना. डोळे उघडले ते थेट किंचाळतच, सलाईन ओढतोय, लाथा मारतोय, मला बघून "हा बाबा नकोय!" मी तर हादरलोच. नर्स म्हणाल्या या गॅसनंतर या वयाच्या पोरांचं असं बऱ्याचदा होतं, डोळे उघडे असले तरी तो अजून पुरता जागा नाहीये. पंधरा मिनिटांनी एकदम थांबला आणि शांतपणे विचारलं, "माझा फुगा कुठंय?" लाथा कुणी मारल्या म्हणे? त्याला काही आठवतच नव्हतं. संध्याकाळी सोफ्यावरून उड्या.

आता माझी पाळी. शिरेत औषध जाताना हात असा काही जळजळला की काय सांगू, पण मी ठरवलेलं की दहा आकडे मोजायचेच, पोराला सांगायला काहीतरी हवं ना. तीनपर्यंतचं आठवतंय. उठल्यावर एकदम सभ्य, किंकाळी नाही, लाथ नाही, फक्त "झालं का?" हा एकच प्रश्न विचारत होतो. नऊ वेळा. मोबाईलवर पुरावा आहे. घरी येऊनही रात्रीपर्यंत कुणीतरी डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटत होतं.

बायकोने डिस्चार्जचा कागद मोठ्याने वाचला, चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाचे निर्णय घ्यायचे नाहीत. चिरंजीव खेळता खेळता थांबले, माझ्याकडे नीट बघितलं आणि माझ्या हातातला रिमोट काढून घेतला.